ॲनेक्सिन न घालताही पेशी हिरव्या दिसताहेत – फ्लोवाल्यांनी कृपया बघा

शेवंती | सोमवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. मी पुण्यात पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. तीन आठवडे एकाच जागी अडकलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पेशी एमसीएफ-७ (स्तनाच्या कर्करोगाच्या), औषध कर्क्युमिन, २५ मायक्रोमोलर, २४ तास. नंतर ट्रिप्सिनने (पेशी तळापासून सोडवणारं एन्झाइम) काढून ॲनेक्सिन-व्ही-एफआयटीसी (मरू लागलेल्या पेशीला चिकटणारं प्रथिन, हिरव्या डायसकट) आणि पीआय (मेलेल्या पेशीत शिरणारा लाल डाय) लावून फ्लोवर, म्हणजे लेझरखाली एकेक पेशी मोजणाऱ्या मशीनवर. डीएमएसओ कंट्रोल (औषध नाही, फक्त ते विरघळवणारं द्रव) अगदी शहाण्यासारखा डाव्या खालच्या कोपऱ्यात बसतो. कर्क्युमिनची ट्यूब लावली की सगळाच्या सगळा ढग उजवीकडे सरकतो. सॉफ्टवेअरच्या हिशेबाने तीन-चतुर्थांश पेशी 'अर्ली ॲपॉप्टॉसिस'मध्ये, म्हणजे ठरवून होणाऱ्या पेशीमरणाच्या सुरुवातीला.

पण त्याच फ्लास्कमधल्या पेशी मी काढण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या होत्या. बहुतेक तळाला घट्ट चिकटलेल्या, आकार ठीक. ट्रिपॅन ब्लू केलं (त्यात मेलेल्या पेशी निळ्या होतात), निळ्या पेशी मोजक्याच.

शुक्रवारी सहज म्हणून कर्क्युमिन दिलेल्या पेशी कुठलाही डाय न घालता लावल्या. त्याही हिरव्या! मला वाटलं मशीनच्या नळीत आधीचा डाय राहिला असेल. क्लीनिंग सोल्यूशन दोनदा चालवलं, मग साधं पाणी. फरक शून्य. आता डोक्यात एवढे संशयित आहेत: ट्रिप्सिन जास्त झालं, किट जुनं आहे, डीएमएसओ, किंवा नळी.

सरांना हा आलेख परिषदेच्या गोषवाऱ्यात हवा आहे, आणि दिसायला तो फार छान आहे. पण जोवर डायशिवाय हिरवा रंग का येतोय ते कळत नाही तोवर तो कुणाला दाखवायला माझं मन धजत नाही.

---

डोंबिवली_लोकल | मंगळवार, सकाळी ७:५५

आमच्याकडे एकदा असं झालं होतं, तेव्हा ट्रिप्सिन कारण निघालं. पाच मिनिटांऐवजी पंधरा मिनिटं ठेवलं होतं. पटल फाटलं की ॲनेक्सिन आत शिरून आतल्या बाजूचं फॉस्फॅटिडिलसेरिन (पटलातला मेद, जो एरवी पेशी मरू लागली की बाहेर येतो) पकडतं. शिवाय ट्रिप्सिनबरोबर ईडीटीए असतं, ते नीट धुतलं नाही तर कॅल्शियम ओढून घेतं आणि बांधणी उलट कमी होते. म्हणजे दोन्हीकडून घोळ. त्याऐवजी सौम्य ॲक्युटेज वापरून बघ.

---

रातराणी | मंगळवार, सकाळी ९:२०

डोंबिवलीकर, ट्रिप्सिनचा मुद्दा बरोबर आहे, पण इथे तो लागू होत नाही. शेवंतीने डाय घातलाच नव्हता. ट्रिप्सिनने पेशी कितीही फाटली तरी ती आपली आपण हिरवी होणार नाही. आणि डीएमएसओ कंट्रोलही त्याच ट्रिप्सिनमधून गेलाय.

शेवंती, मी सोळा वर्षं फ्लोच्या मशीनवर बसते आहे, तू लिहिलेल्या एका वाक्यावरच थांबले: "सगळाच्या सगळा ढग सरकतो." खरं ॲपॉप्टॉसिस असं दिसत नाही. पेशी काही एका घंटेला मरत नाहीत. काही अजून धडधाकट, काही वाटेवर, काही संपलेल्या, त्यामुळे हिस्टोग्रामवर दोन उंचवटे दिसतात, मध्ये दरी, आणि औषध वाढवलं की डावा उंचवटा ओसरून उजवा चढतो. तुझ्याकडे एकच उंचवटा आहे आणि तो जागेवरून उठून पलीकडे बसलाय. प्रत्येक पेशीवर सारखाच रंग चढला की असं होतं.

रंग कुठून आला? अगं, तू पेशींना हळद दिली आहेस! कर्क्युमिन स्वतः प्रकाशतं. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर पडला की ते हिरवा प्रकाश देतं, आणि तो नेमका ५३०/३० च्या फिल्टरमध्ये, म्हणजे एफआयटीसीच्या खिडकीत येऊन पडतो. डिटेक्टरला फोटॉन मोजता येतात. तो ॲनेक्सिनचा की हळदीचा, हे त्याला कळत नाही.

किट, नळी, डीएमएसओ, तिघेही निर्दोष आहेत. तुझी ती शुक्रवारची ट्यूब हा या तीन आठवड्यांतला सगळ्यात चांगला प्रयोग होता. ती फाइल जपून ठेव.

---

शेवंती | मंगळवार, सकाळी ९:४५

काकू, हे वाचून मी दोन मिनिटं नुसती बसून राहिले. कर्क्युमिन पिवळं आहे हे रोज डोळ्यांनी बघते, बोटांना लागतं, तरी हे डोक्यात आलं नाही. पण एक शंका. पेशी तीनदा धुतल्या होत्या, मग ते निघून कसं गेलं नाही?

---

रसायनवाला | मंगळवार, दुपारी १:१०

धुवून जात नाही कारण ते पाण्यात राहायलाच तयार नसतं. कर्क्युमिन मेदप्रिय आहे, पेशीच्या पटलात जाऊन बसतं. आणि गंमत अशी की पाण्यात त्याचं प्रकाशणं अगदी मंद असतं, पटलासारख्या तेलकट जागी गेलं की ते उजळतं. म्हणून नुसतं माध्यम तपासलंत तर फार काही दिसणार नाही, पेशी मात्र झगमगतील.

त्याचं शोषण सर्वांत जास्त ४२५ नॅनोमीटरच्या आसपास असतं. ४८८ वर फक्त शेपूट उरते, पण २५ मायक्रोमोलरला ती शेपूटही पुरते. ज्यांच्या मशीनवर ४०५ चा जांभळा लेझर आहे त्यांनी तर कर्क्युमिनसोबत त्या लेझरवरचे डाय टाळावेत, कारण तिथे ते आणखी जोरात चेतवलं जातं.

आता एक गोष्ट जी फार कमी लोक तपासतात. कर्क्युमिन टिकाऊ नाही. सीरम नसलेल्या माध्यमात, पीएच ७.२, ३७ अंशांवर, अर्ध्या तासात सुमारे ९० टक्के मोडतं. हे १९९७ पासून छापील आहे. १० टक्के सीरम असेल तर बरंच तगतं, आठ तासांनी साधारण निम्मं उरतं. याचा उपयोग करून घ्या. २, ६, १२, २४ तास अशा ट्यूब डाय न घालता लावा. मरण हे वेळेबरोबर वाढत जातं. हिरवेपणा जर सुरुवातीला जास्त आणि २४ तासांना कमी आला, तर ते मरण नाही, ओसरत चाललेलं औषध आहे. मेलेली पेशी पुन्हा जिवंत होत नाही ना.

---

डोंबिवली_लोकल | मंगळवार, दुपारी २:३०

मान्य, माझा बाण चुकला. पण मग सोपा उपाय आहे की. डाय नसलेल्या कर्क्युमिनच्या ट्यूबवरच गेट (मोजणीची सीमारेषा) लावायचं. तिच्या उजवीकडे जे येईल ते ॲनेक्सिन. नवीन किट घ्यायला नको, तीन आठवड्यांचा डेटाही वाचेल.

---

रातराणी | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

तसं करणारे पुष्कळ आहेत, आणि अगदीच दुसरा मार्ग नसेल तर मी त्याला नाही म्हणणार नाही. पण माझं मन त्याला राजी नाही, का ते सांगते.

हळदीचा हिरवा जितका उंच, तितकं त्याखाली बुडालेलं ॲनेक्सिन जास्त. नुकत्याच मरणाच्या वाटेला लागलेल्या पेशीवर ॲनेक्सिन थोडंच चढतं, आणि आपल्याला तर नेमक्या त्याच पेशी मोजायच्या असतात. गेट वर सरकवलं की त्या जिवंतांत धरल्या जातात. दुसरं असं की प्रत्येक डोसला हिरवेपणा वेगळा, म्हणजे प्रत्येक डोसला गेटही वेगळं. ५ मायक्रोमोलरचं गेट एकीकडे, ५० चं दुसरीकडे, आणि मग त्या आकड्यांचा एकच स्तंभालेख! मी परीक्षक असते तर तिथेच थांबवलं असतं.

त्यापेक्षा खिडकी बदला. ॲनेक्सिन-व्ही-एपीसी घ्या, म्हणजे तेच ॲनेक्सिन, एफआयटीसीऐवजी एपीसी हा लाल डाय जोडलेलं. ते ६४० च्या लाल लेझरवर चेतवलं जातं आणि ६६० च्या आसपास दिसतं. लाल लेझरला कर्क्युमिन ओळखतही नाही. पीआय आहे ते चालेल, फक्त ते ५८५ च्या फिल्टरऐवजी ६७० च्या पुढच्या फिल्टरवर वाचा, कारण कर्क्युमिनची शेपूट ५८५ पर्यंत पोचते. मशीनवर ५६१ चा लेझर असेल तर पीआयसाठी तो सगळ्यात स्वच्छ.

आणि एपीसी येईपर्यंत हातात आहे त्यावरच एक चाचणी होऊ शकते, फुकट. ॲनेक्सिनचं पकडणं सर्वस्वी कॅल्शियमवर चालतं. बाइंडिंग बफरमध्ये २.५ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड असतं ते त्याचसाठी. ॲनेक्सिन लावलेली ट्यूब एकदा वाचून घे, मग तिच्यात ५ ते १० मिलिमोलर ईडीटीए घाल, पाच मिनिटं थांब, परत वाच. कॅल्शियम गेलं की ॲनेक्सिन सुटतं. हिरवा खाली आला तर तो ॲनेक्सिनचा होता. जागच्या जागी राहिला तर हळदीचा. ईडीटीए जास्त घालावं लागतं कारण बफरमधलं सगळं कॅल्शियम बांधून वर उरायला हवं. सोबत एक खात्रीची ट्यूब लाव: कर्क्युमिनच्या जागी स्टॉरोस्पोरिन (हमखास ॲपॉप्टॉसिस घडवणारं) १ मायक्रोमोलर, तेच ॲनेक्सिन. तिथला हिरवा ईडीटीएने उतरलाच पाहिजे, नाहीतर चाचणीच चुकली असं समज.

---

अर्कवैद्य | मंगळवार, रात्री १०:०५

हा धागा आमच्यासारख्या वनस्पती-अर्कवाल्यांनी भिंतीवर लावावा. मी आयुर्वेदातून पेशीशास्त्रात आलो, त्यामुळे माझ्या बाकावर रंगच रंग असतात. यादीत भर घालतो.

हिरव्या पानांचा मिथेनॉलमधला अर्क म्हणजे हरितद्रव्य आलंच. ते ६८० नॅनोमीटरच्या आसपास लाल प्रकाशतं, म्हणजे ७-एएडी (पीआयसारखाच मेलेल्या पेशींचा डाय) आणि एपीसी या दोन्ही खिडक्यांत डोकावतं. शेवंतीला एपीसी हा सुटकेचा मार्ग आहे, तोच मला तुळशीच्या अर्कात नडला. सर्वांना चालेल असा एकच सुरक्षित रंग नाही. दारुहळदीतलं बर्बेरिन पिवळं-हिरवं प्रकाशतं आणि डीएनएला धरून बसलं की जास्तच.

शिवाय फक्त वनस्पतींना दोष नको. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगाचं नेहमीचं औषध, तेही ४८८ वर चेतून ५९० च्या आसपास नारिंगी-लाल प्रकाशतं. किती तरी जण ते पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून घेतात आणि पीआय वाढलं म्हणून समाधानी होतात!

आणि एमटीटी, म्हणजे जिवंत पेशी मोजायची रंगचाचणी. पॉलिफेनॉल असलेले अर्क पेशी नसतानाही एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात. तिथे उलटा फसवा प्रकार: पेशी मेल्या तरी जिवंत दिसतात. म्हणून माध्यम अधिक अर्क अधिक एमटीटी, पेशी नाहीत, अशा तीन वेल (प्लेटमधल्या खळग्या) आता मी कधी सोडत नाही.

---

नागपूरकर_पॅथो | बुधवार, सकाळी ८:३०

विषय थोडा वळवतो, शेवंती, राग मानू नकोस. मी ऊतींवर काम करतो. उंदरांचं यकृत, पॅराफिन, ट्यूनेल (तुटलेला डीएनए दाखवणारी चाचणी), शेवटी डीएबीचा तपकिरी रंग. गेल्या महिन्यापासून ज्या गटाला काहीच दिलं नाही त्याच्याही स्लाइडवर केंद्रकं तपकिरी. आमच्याकडे मेमध्ये खोलीचं तापमान विचारू नका, ऊतक उशिरा फॉर्मॅलिनमध्ये गेलं असेल का?

---

रातराणी | बुधवार, सकाळी १०:५०

उंदीर–पॅथोलॉजी माझा प्रांत नाही, पण एक प्रश्न आधी विचारते: टीडीटी एन्झाइम न घातलेली स्लाइड कशी दिसते?

---

गच्चीवरची_बाग | बुधवार, दुपारी १२:२०

काकूंनी विचारलेल्या प्रश्नावरच सगळं अवलंबून आहे. मी हिस्टॉलॉजीत आहे, ट्यूनेल हाताने इतक्यांदा केलंय की ते झोपेतही करीन.

ट्यूनेलमध्ये, १९९२ पासून, युक्ती एकच: टीडीटी तुटलेल्या डीएनएच्या ३' टोकाला खूण लावलेले न्यूक्लिओटाइड जोडतं. त्यामुळे टीडीटी न घातलेली स्लाइडही तपकिरी असेल तर रंगाचा डीएनएशी संबंधच नाही. यकृतात स्वतःचं पेरॉक्सिडेज भरपूर आणि बायोटिनही भरपूर. हायड्रोजन पेरॉक्साइड ताजं आहे का बघा, ३ टक्क्यांची बाटली महिनोन्‌महिने उघडझाप होत असेल तर त्यात पाणीच उरतं. खूण बायोटिनची असेल तर ॲव्हिडिन-बायोटिनने आधी अडवा किंवा डिगॉक्सिजेनिनच्या किटवर जा.

पण टीडीटी नसलेली स्लाइड स्वच्छ आणि न दिलेल्या गटाची तपकिरी, असं असेल तर टोकं खरोखर तुटलेली आहेत, फक्त ती ॲपॉप्टॉसिसने तुटलेली नाहीत. मग तीन जागा बघायच्या. ऊतक काढल्यापासून फॉर्मॅलिनपर्यंतचा वेळ, कारण यकृत फार लवकर स्वतःला खायला लागतं, उन्हाळ्यात आणखी. प्रोटिनेज-के, २० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, १५ मिनिटं हे फक्त सुरुवातीचं माप आहे; ५, १०, १५, २० अशा चार स्लाइड करून आपल्या ऊतकाचं माप आपणच ठरवावं. आणि तिसरी जागा, जिथे मी स्वतः दोन महिने घालवले: पॉझिटिव्ह कंट्रोलची डीएनेज लावलेली स्लाइड बाकीच्या स्लाइडांबरोबर एकाच जारमध्ये धुणं. डीएनेज त्या पाण्यातून शेजारच्या स्लाइडवर जातं आणि तिथलाही डीएनए कापतं. ती स्लाइड कायम वेगळ्या जारमध्ये, वेगळ्या चिमट्याने.

---

नागपूरकर_पॅथो | बुधवार, दुपारी १:०५

एकच जार. नवीन सहायक आल्यापासून एकच जार वापरतोय आम्ही. टीडीटी नसलेली स्लाइड स्वच्छ आहे, आत्ताच पुन्हा पाहिली. आजच वेगळा जार काढतो.

---

शेवंती | गुरुवार, संध्याकाळी ७:५०

राग कसला, त्या जारच्या गोष्टीतून मीही शिकले.

काकू, ईडीटीए केलं. स्टॉरोस्पोरिनच्या ट्यूबमधला उजवा उंचवटा पाच मिनिटांत खाली आला, जवळजवळ डीएमएसओवर जाऊन बसला. कर्क्युमिनची ट्यूब केसभर हलली नाही. रसायनवाला दादांची वेळेची मालिकाही केली, डायशिवाय. २ तासांना सर्वांत हिरवी, २४ तासांना निम्म्याहून कमी.

शेजारच्या प्रयोगशाळेतून ॲनेक्सिन-एपीसीचे थोडे मायक्रोलिटर मागून आणलेत. उद्या लावते. पण सरांना काय सांगू हे कळत नाहीये. गोषवारा सोमवारी द्यायचा आहे.

---

रातराणी | गुरुवार, रात्री ९:३०

दोन हिस्टोग्राम शेजारी शेजारी छापून घे, ईडीटीएच्या आधीचा आणि नंतरचा, आणि सरांच्या टेबलावर ठेव. शब्द कमी लागतील. बहुतेक मार्गदर्शकांना परीक्षकासमोर उघडं पडण्यापेक्षा विद्यार्थ्याकडून कळलेलं बरं वाटतं.

हळदीच्या बाबतीत आपल्याला थोडं जास्त जपायला हवं असं मला मनापासून वाटतं. अमेरिकेत १९९५ मध्ये जखमेवर हळद लावण्याचं पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआरने, डॉ. माशेलकर महासंचालक असताना, ते १९९७ मध्ये रद्द करून घेतलं, ते जुने ग्रंथ आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवून. पुरावा बिनचूक होता म्हणून तो टिकला. आणि आता कर्क्युमिनवर जगभरातून शंका घेतली जाते. २०१७ मध्ये 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री'त तपशीलवार लिहिलं गेलं की हे रेणू किती चाचण्यांना फसवतात, आणि त्यात हे प्रकाशणंही आहे. अशा वेळी पुण्यातून येणारा आलेख तरी स्वच्छ असावा.

---

रसायनवाला | शुक्रवार, सकाळी ८:१५

फ्लोच्या बाहेरचा एक साक्षीदारही घ्या, ज्यात पेशीच्या प्रकाशण्याचा संबंधच नाही. वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी करून दाखवणारी चाचणी) पार्प, जे प्रथिन ॲपॉप्टॉसिसमध्ये तुटतं: ११६ किलोडाल्टनची पट्टी तुटून ८९ ची येते का बघा. हळद तिथे कितीही चमकली तरी पट्टीचं वजन बदलणार नाही.

---

शेवंती | शुक्रवार, सकाळी ८:४०

दादा, मी तुटलेल्या कॅस्पेज-३ चं (ॲपॉप्टॉसिसमध्ये प्रथिनं तोडणारं एन्झाइम) प्रतिपिंड मागवायच्या बेतात होते, तेच करू ना?

---

रसायनवाला | शुक्रवार, सकाळी ८:५५

थांबा, मागवू नका! एमसीएफ-७ मध्ये कॅस्पेज-३ नसतंच. त्यांच्या जनुकात तिसऱ्या एक्सॉनमधले ४७ बेस गळलेले आहेत, प्रथिन तयार होत नाही. ब्लॉट कोराच येईल आणि तुम्ही म्हणाल ॲपॉप्टॉसिस नाही. पार्प मात्र कॅस्पेज-७ तोडतं, म्हणून ते चालेल. त्याच कारणाने या पेशींत डीएनएची नेहमीची शिडीही (तुटलेल्या तुकड्यांच्या पट्ट्या) नीट उमटत नाही, त्यामुळे कुणी जेलवर शिडी मागितली तर हे कारण सांगा.

झेड-व्हॅड हा कॅस्पेजरोधक आधी देऊन मग कर्क्युमिन दिलंत तर उत्तमच. खरं ॲपॉप्टॉसिस त्याने कमी होईल, हळदीचा रंग होणार नाही.

---

अर्कवैद्य | शुक्रवार, दुपारी ३:००

पीआयबद्दल राहिलं होतं. पीआय डीएनएइतकंच आरएनएलाही चिकटतं. मोठ्या पेशींत, विशेषतः मॅक्रोफेजमध्ये, पेशीद्रवातल्या आरएनएमुळे ४० टक्क्यांपर्यंत खोटे पॉझिटिव्ह आल्याचं प्रसिद्ध आहे. डाय लावून झाल्यावर १ टक्का फॉर्मल्डिहाइडने पक्कं करून आरएनेज दिलं की ते उतरतं. एमसीएफ-७ ला इतकं लागणार नाही कदाचित, पण मॅक्रोफेजवाल्यांनी नोंद घ्यावी.

---

शेवंती | शनिवार, रात्री १०:२०

एपीसीचा निकाल. डीएमएसओ जागेवर. डाय नसलेली कर्क्युमिनची ट्यूब लाल लेझरवर डीएमएसओला तंतोतंत झाकते, एक रेघही वेगळी दिसत नाही. ॲनेक्सिन-एपीसी घातल्यावर दोन उंचवटे आले, मध्ये दरी, काकूंनी सांगितलं होतं तशीच. तरंगणाऱ्या पेशीही यावेळी गोळा केल्या होत्या. जिथे तीन-चतुर्थांश मेलेल्या दिसत होत्या तिथे साधारण पाचात एक आहे. ईडीटीए घातलं, उजवा उंचवटा उतरला.

पाचात एक. पण ती खरी आहे.

सरांना दोन्ही हिस्टोग्राम दाखवले. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, आधीच्या विद्यार्थ्याच्या फाइलीही काढ, त्यातही एफआयटीसीच आहे. जुना आलेख गोषवाऱ्यातून काढला, नवा टाकला, आणि पद्धतीत डाय नसलेल्या औषधाच्या ट्यूबचं एक वाक्य घातलं.

झेड-व्हॅड मंगळवारी लावते, पार्पचा ब्लॉट त्याच पेशींचा. पट्टी आली की फोटो इथेच टाकते. नागपूरकर, तुमच्या नव्या जारचं काय झालं?

---

नागपूरकर_पॅथो | रविवार, सकाळी ९:०५

न दिलेला गट स्वच्छ. संपूर्ण क्षेत्रात दोन-तीन केंद्रकं तपकिरी, ती असायचीच. डीएनेजच्या जारवर लाल पट्टी चिकटवली आहे. जुन्या सगळ्या ब्लॉकचे पुन्हा काप घेतो आहे, साठ स्लाइड होतील.